वर्ट उरतं, फेकवत नाही, वापरलं की कडू होतं

घरी बिअर करणाऱ्या कुणालाही विचारा, उकळून झाल्यावर केटलच्या, म्हणजे उकळायच्या मोठ्या पातेल्याच्या, तळाशी दोन-तीन लिटर वर्ट राहिलेलंच असतं. वर्ट म्हणजे मोडाच्या बार्लीचं (माल्टचं) गोड पाणी; हॉप नावाची कडू फुलं घालून ते उकळतात, आणि यीस्टने आंबवलं की त्याची बिअर होते. कधी फर्मेंटर, म्हणजे आंबवायचं भांडं, भरून जातो, कधी तळाचा गाळ आत जाऊ नये म्हणून आपणच नळ बंद करतो. खाली उरतं ते हिरवट-तपकिरी, गढूळ, चिकट पाणी. ते मोरीत ओतताना जीव तुटतो, कारण त्यासाठी सकाळपासून खपलेलं असतं.

आधी उच्चार. हे ‘वर्ट’ आहे. ‘वॉर्ट’ म्हणजे चामखीळ, आणि दुकानात जाऊन मी एकदा ‘माझ्याकडे तीन लिटर चामखीळ उरलीय’ अशा अर्थाचं काहीतरी बोलून बसले आहे.

मी अमेरिकेत, ओरेगनमधल्या बीव्हर्टनला राहते. माहेर कोल्हापूर जिल्ह्यातलं, आजोबांचं गुऱ्हाळ होतं. त्यामुळे पहिल्यांदा वर्ट उकळलं तेव्हा मला नवीन काही वाटलंच नाही. उसाच्या रसाला उकळी आली की वर मळी येते, इथेही पहिल्या उकळीला तपकिरी फेस दाटून येतो. गुऱ्हाळात मळी एकत्र यावी म्हणून रानभेंडीचा चिकट रस काहिलीत घालायचे, इथे शेवटच्या पंधरा मिनिटांत आयरिश मॉस नावाचं समुद्रशेवाळ घालतात. काम जवळजवळ तेच, तरंगणारी प्रथिनं धरून एकत्र आणायची, फक्त इथे ती खाली बसतात. आई इथे आली होती तेव्हा केटल धुताना बघून म्हणाली, ‘अगं, एवढी काकवी मोरीत ओतलीस?’ तिथून माझा हा उद्योग सुरू झाला. पुढची दोन वर्षं मी उरलेल्या वर्टचं जे जे करून पाहिलं त्यातलं बहुतेक फसलं, आणि तेही त्याच त्याच चार-पाच कारणांनी.

कायद्याचं एवढंच: अमेरिकेत १९७८ साली झालेल्या आणि १९७९ पासून अमलात आलेल्या केंद्राच्या कायद्याने घरच्या वापरासाठी बिअर करायला मुभा आहे, दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी दारू करणं गुन्हा आहे. तिकडच्या वाचकांनी यातलं बिअरचं सोडून द्यावं. काकवी, पाव, सरबत यांत दारू करायची नाही.

सगळं कडू का होतं

माझं पहिलं काम म्हणजे सांजा. रवा तुपात भाजला, पाण्याऐवजी गरम वर्ट ओतलं, वेलची घातली. वास असा की शेजारी विचारतील. तोंडात घातला तर आधी गोड, मग जिभेच्या मागच्या बाजूला कडुनिंबाची आठवण. नवऱ्याने सभ्यपणे दोन घास खाल्ले. मग मला वाटलं की पातळ आहे म्हणून असं होत असेल, आटवून काकवी केली तर गोडवा वाढेल. तीन लिटर वर्ट दोन तास आटवलं. झालेलं प्रकरण काढा म्हणूनही कुणी घेतलं नसतं.

कारण साधं आहे, पण ते मला कागदावर गणित मांडल्यावर कळलं. हॉपमधल्या अल्फा आम्लांचं उकळताना रूप बदलतं आणि ती पाण्यात उतरतात, बिअरचा कडवटपणा तो हाच. तो आयबीयूमध्ये मोजतात, आणि १ आयबीयू म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे १ मिलिग्रॅम कडू द्रव्य. हे द्रव्य वाफेबरोबर जात नाही. माझी बिअर, पेल एल, होती ३५ आयबीयूची. १.०५० ग्रॅव्हिटीच्या (म्हणजे पाण्याच्या १.०५० पट जड) वर्टमध्ये लिटरमागे सुमारे १३० ग्रॅम घन भाग असतो, म्हणजे तीन लिटर आटवलं की काकवी इतक्या घट्टपणाला जेमतेम साडेतीनशे मिलिलिटर उरतं. पाणी गेलं, कडूपणा तिथेच राहिला. साडेआठ पट. ३५चे झाले ३००. गोडवाही तितकाच वाढला म्हणा, पण माल्टमधली मुख्य साखर माल्टोज, आणि ती आपल्या नेहमीच्या साखरेच्या निम्मीही गोड लागत नाही. कडूपणाला झाकायची तिची ताकद नाही.

त्यात मी आणखी एक चूक करत होते. तळाच्या वर्टमध्ये हॉपच्या गोळ्यांचा लगदा असतो. त्यातली बरीच अल्फा आम्लं अजून उतरायची राहिलेली असतात, विशेषतः शेवटच्या पाच-दहा मिनिटांत वासासाठी टाकलेल्या हॉपमधली. तो लगदा न गाळता पुन्हा दोन तास उकळला की ती सगळी उतरतात. म्हणजे मी हॉप दुसऱ्यांदा शिजवत होते.

अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा, १९२० ते १९३३, बऱ्याच ब्रुअरींनी माल्टची काकवी डब्यांत विकली. काही डब्यांवर ‘हॉपच्या स्वादाची’ असं लिहिलेलं असे आणि वापर म्हणून पाव-बिस्किटांचं नाव दिलेलं असे. हॉप घातलेल्या काकवीचा पाव कोण खाणार? विकणाऱ्याला ठाऊक होतं, घेणाऱ्यालाही ठाऊक होतं. माझ्या सांज्यानंतर मलाही ठाऊक झालं.

यावर उपाय शोधताना मी साखर वाढवली, लिंबू पिळलं, मीठ घातलं. यातलं काहीच चालत नाही, वेळ घालवू नका. हॉप पडलेलं वर्ट स्वयंपाकघरात आणायचंच नाही. स्वयंपाकासाठी हवं असेल तर पहिला हॉप पडायच्या आधी काढून ठेवायचं. ‘उरलेलं’ हा शब्दच इथे फसवा आहे. काय उरवायचं ते सकाळीच ठरवावं लागतं.

आता मी १९ लिटरच्या बॅचला मॅशमध्ये, म्हणजे गरम पाण्यात मुरवायच्या धान्यात, ३५० ग्रॅम माल्ट जास्त घालते आणि पाणीही दोन लिटर जास्त घेते. धान्यातून निथळलेलं वर्ट केटलमध्ये गोळा झालं, ढवळलं, की हॉपला हात लावायच्या आधी त्यातलं दोन लिटर वेगळ्या पातेल्यात. त्या वेळी ग्रॅव्हिटी १.०४०च्या आसपास असते, म्हणजे दोन लिटरमध्ये २०० ग्रॅमच्या वर घन भाग. तेवढाच तो जादा माल्ट देतो, बिअरचं काही कमी होत नाही. ३५० ग्रॅम माल्टची किंमत एका कॉफीहून कमी आहे.

हॉपच्या आधी काढलं, तरी पाव आतून चिकट

हे कोडं मला सगळ्यात जास्त दिवस पुरलं. कडूपणा गेला, पाव वरून सुरेख तांबूस, टकटक केलं तर पोकळ आवाज. कापला तर सुरीला आतला भाग लेईसारखा चिकटला. दहा मिनिटं जास्त भाजला, तोच प्रकार. पीठ बदललं, तोच प्रकार.

उत्तर मिळालं ते नाचणीच्या सत्त्वातून. आपल्याकडे नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून बाळाला पेज करतात. मोडाच्या पिठाची पेज साध्या पिठाच्या पेजेहून पातळ होते, हे घरात सगळ्यांना माहीत असतं. मोड आलेल्या दाण्यात स्टार्च तोडणारं एन्झाइम, अमायलेज, तयार झालेलं असतं आणि ते पेजेतला स्टार्च तोडतं. बार्लीचं माल्ट म्हणजे दुसरं काय, मोड आणून वाळवलेली बार्लीच. मॅश आपण ६६-६७ अंशांवर ठेवतो ते याच अमायलेजला काम करता यावं म्हणून. तिथून काढलेलं न उकळलेलं वर्ट म्हणजे जिवंत अमायलेजचं पाणी. ते कणकेत गेलं, पाव भट्टीत ६० अंशांच्या पुढे गेला, स्टार्च फुगला, आणि अमायलेज पुरतं निकामी व्हायला ८० अंश लागतात. मधल्या वेळात त्याने पावाच्या आतला स्टार्च तोडून पाक करून ठेवला.

म्हणजे काढून घेतलेलं वर्ट आधी दहा मिनिटं खळखळून उकळायचं, मग कोमट करून वापरायचं. इतकंच. माझे चार पाव गेले या एका वाक्यापायी.

प्रमाणाचंही सांगते. अर्धा किलो पिठाला लागणाऱ्या सगळ्या पाण्याच्या जागी वर्ट घेऊ नका. मी १५० मिलिलिटर वर्ट आणि बाकी पाणी घेते. जास्त घेतलं तर वरचं कवच आतलं शिजायच्या आधी काळं पडतं, कारण साखर आणि प्रथिनं दोन्ही तयारच असतात. ओव्हन २२० ऐवजी १९० ते २०० अंशांवर ठेवला की जमतं. कणीक नेहमीपेक्षा लवकर फुगते, तेव्हा घड्याळाकडे न बघता कणकेकडे बघा.

मक्याच्या कणसाचा, कोबीचा वास

हा वास उकळताना आला आणि नंतर गेला तर काळजी नाही. फिक्या माल्टमध्ये एक गंधकयुक्त द्रव्य असतं, गरम झालं की त्यातून डायमिथाइल सल्फाइड सुटतं. ते वाफेबरोबर उडून जातं, पण झाकण ठेवलं तर झाकणावर थेंब होऊन परत आत पडतं. वर्ट उकळताना पातेल्यावर झाकण ठेवायचं नाही, अर्धवटसुद्धा नाही. गॅस वाचवायची सवय इथे आडवी येते. कमी आचेवर वाळवलेला फिका पिल्सनर माल्ट असेल तर वास जास्त, भाजलेल्या माल्टला जवळजवळ नसतोच.

मात्र उकळून गार केलेल्या, ठेवलेल्या वर्टला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भाजीसारखा वास यायला लागला, तर ते वेगळं प्रकरण आहे. तिथे जंतू वाढलेत. चव बघायची नाही, टाकून द्यायचं.

हॉपवालं तरीही उरतंच, त्याचं काय

ते परत बिअरकडे पाठवायचं. तिथे कडूपणा अडचण राहत नाही.

आधी ते गाळातून सोडवावं लागतं. चहाची गाळणी दोन मिनिटांत तुंबते. बारीक जाळीची पिशवी तुंबते. कॉफीचा कागदी फिल्टर तर विचारूच नका. मला जमलं ते चक्क्याचं तंत्र. दुहेरी मलमल उकळत्या पाण्यातून काढायची, तिच्यात गाळ ओतायचा, पुरचुंडी बांधायची आणि पातेल्यावर टांगून ठेवायची. श्रीखंडाला टांगतो तसंच, फक्त फ्रिजमध्ये. पिळायची नाही, पिळली की बारीक गाळ कापडातून बाहेर येतो आणि सगळं मुसळ केरात. रात्रभरात तीन लिटरच्या गाळातून मला सव्वादोन लिटर बऱ्यापैकी स्वच्छ वर्ट मिळतं. घाई नसेल तर कापडही नको, उंच बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं तरी सकाळपर्यंत गाळ खाली बसतो, वरचं अलगद ओतून घ्यायचं.

याचा पहिला उपयोग यीस्टच्या स्टार्टरला. पुढच्या बॅचच्या दोन दिवस आधी यीस्ट थोड्या वर्टमध्ये वाढवून घेतात, त्यासाठी बहुतेक जण माल्टची सुकी पावडर विकत आणतात, लिटरला १०० ग्रॅम. ती आणायची गरज नाही. फक्त ग्रॅव्हिटी उतरवावी लागते, स्टार्टर १.०३५ ते १.०४० मध्ये असावा. दाट वर्टमध्ये यीस्ट वाढण्याऐवजी दमतं. हिशेब सोपा आहे: १.०५२चं एक लिटर असेल तर ५२ला ३७ने भागा, १.४ येतात, म्हणजे ४०० मिलिलिटर पाणी घालून एक लिटर चारशे करा. पंधरा मिनिटं उकळा, गार करा, यीस्ट घाला. स्टार्टर झाला की मी तो फ्रिजमध्ये बसू देते, वरचं पाणी ओतून देते आणि फक्त तळाचं यीस्ट वापरते. कडूपणा त्या पाण्याबरोबर जातो.

इथे लोक एकच तक्रार पुन्हा पुन्हा करतात, की काचेच्या फ्लास्कमधून वर्ट उतू जातं. वर्टमध्ये प्रथिनं भरपूर, फ्लास्कचं तोंड अरुंद, दूध उतू जावं तसं क्षणात जातं. पातेल्यात उकळा आणि मग फ्लास्कमध्ये ओता. कुणी सांगितलंय फ्लास्क गॅसवर ठेवायला?

दुसरा उपयोग बाटल्या भरताना. बिअरला फेस यावा म्हणून बाटलीत भरताना थोडी साखर घालतात. जर्मनीत, विशेषतः बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरमध्ये, साखरेऐवजी राखून ठेवलेलं वर्ट घालायची जुनी रीत आहे. त्याला ते श्पाइजे म्हणतात, म्हणजे जेवण. यीस्टचं जेवण. वर्ट त्याच बिअरचं असल्याने कडूपणाही तोच, चवीत फरक नाही. १९ लिटर बिअरला १.०५० ग्रॅव्हिटीचं साधारण १.१ लिटर लागतं. वर्ट पातळ असेल तर जास्त, दाट असेल तर कमी, त्याच प्रमाणात. घालायच्या आधी दहा मिनिटं उकळून गार करायचं.

एक अट मात्र आहे. मूळ बिअर पूर्ण आंबलेली हवी. हायड्रोमीटरवरचा ग्रॅव्हिटीचा आकडा तीन दिवस हलला नाही, मगच. नाहीतर बाटलीत जुनी साखर आणि नवी साखर दोन्ही आंबतात आणि बाटल्या फुटतात. माझ्या गॅरेजमध्ये एक फुटली होती, काचा समोरच्या भिंतीवरच्या थर्माकोलमध्ये रुतल्या होत्या. तिथे मुलांच्या सायकली असतात.

ठेवायचं कसं

इथे मी थोडी कडक होणार आहे.

खोलीच्या तापमानाला वर्ट एक दिवससुद्धा टिकत नाही. गोड, पौष्टिक, गार झालेलं, अजून अल्कोहोल नाही: जंतूंना आमंत्रणच. फ्रिजमध्ये एक-दोन दिवस. त्यापुढे ठेवायचं तर फ्रीझर. अर्धा-अर्धा लिटरच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत, वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडून, कारण गोठताना फुगतं. डब्यावर तारीख, ग्रॅव्हिटी आणि हॉप आहे की नाही ते लिहा. हे तिसरं लिहायला मी एकदा विसरले आणि संकष्टीला खिरीत कडू डबा गेला. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, झोपतात. वापरायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं उकळणं आलंच.

आता बरण्यांबद्दल. बरेच जण उकळतं वर्ट काचेच्या बरणीत भरून, झाकण लावून, लोणच्यासारखं कपाटात ठेवतात. करू नका. लोणचं आंबट असतं म्हणून टिकतं. बोटुलिझमच्या जंतूला आवर घालायला पीएच ४.६च्या खाली लागतो, आणि वर्टचा असतो ५ ते ५.५. त्या जंतूचे बीजाणू १०० अंशांच्या उकळीत मरत नाहीत, त्यांना दाबाखालचे १२१ अंश लागतात. उकळल्याने बाकीचे सगळे प्रतिस्पर्धी मेले, झाकणाने हवा अडवली, आत साखर-प्रथिनं भरपूर: बीजाणूला याहून चांगलं घर मिळणार नाही. त्या विषाला रंग, वास, चव काही नाही. बिअर झाल्यावर हा धोका उरत नाही, कारण यीस्ट पीएच खाली आणतं आणि अल्कोहोल तयार करतं. धोका न आंबलेल्या, बंद करून ठेवलेल्या वर्टचा आहे. हॉप आहेत म्हणून सुरक्षित, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, हॉपचा बीजाणूंवर भरवसा ठेवता येत नाही.

मग आपला कुकर? हा प्रश्न मराठी घरात येणारच, माझ्याही मनात आला होता. आपल्या कुकरची शिट्टी साधारण १५ पीएसआय दाबाला उचलते, म्हणजे आत १२० अंशांच्या आसपास तापमान जातं, तत्त्व तेच आहे. पण बरण्यांसाठीच्या कॅनरबद्दल अमेरिकेच्या कृषी खात्याची अट आहे की त्यात एकेका क्वार्टच्या (जवळजवळ लिटरच्या) किमान चार बरण्या उभ्या मावल्या पाहिजेत. कारण असं की लहान कुकर लवकर तापतो आणि लवकर निवतो, आणि ठरवून दिलेल्या वेळांत ते हळू तापणं-निवणंही धरलेलं असतं. पाच लिटरच्या कुकरमध्ये डाळ लावावी. वर्ट फ्रीझरमध्ये ठेवावं.

डब्याचं झाकण फुगलेलं दिसलं, उघडताना फुस्स आवाज आला, तर चाखून बघायचा मोह आवरा.

काकवी करपते, चिक्की बसत नाही

हॉप नसलेल्या वर्टची काकवी मात्र फार सुंदर होते. रंग मधासारखा, वास भाजलेल्या बिस्किटांचा. दोन लिटर १.०४०च्या वर्टमधून मला दोनशे मिलिलिटरहून थोडी कमीच मिळते, त्यामुळे मोठ्या आशेने बसू नका. पसरट पातेलं घ्या, आजोबांची काहील पसरट होती ती उगाच नाही. पहिली अर्धी वाट मोठ्या आचेवर चालते. बुडबुडे लहान, दाट आणि आळशी व्हायला लागले की आच अगदी मंद करा आणि पातेल्याजवळून हलू नका. शेवटच्या दहा मिनिटांत करपते. प्रथिनं तळाला बसतात आणि तिथून जळायला लागतात, म्हणून आटवायच्या आधी मलमलीतून गाळून घेतलेलं बरं. थंड बशीवर थेंब टाकून तिरका केला आणि हळूच ओघळला की उतरवा. गरम असताना पातळ वाटते, गार झाल्यावर घट्ट होते. तुम्हाला हवी तेवढी घट्ट गॅसवरच केली तर दुसऱ्या दिवशी चमचा उभा राहील. हीसुद्धा मी फ्रिजमध्येच ठेवते.

संक्रांतीला या काकवीची तिळाची चिक्की करून पाहिली. बसली नाही. ताटलीत थापली, वड्या पाडल्या, तासाभरात सगळ्या एकमेकींना मिठी मारून बसल्या. गुळाचा पाक पुढे नेला की कडक होतो. माल्टची काकवी तिथपर्यंत पोचायच्या आत करपते, आणि त्याआधी उतरवली तर ओल धरून चिकटच राहते. पाव भाग काकवी आणि बाकी गूळ घेतला तेव्हा वडी धरली, तरी मऊच होती. आईने ती ‘चघळायची चिक्की’ म्हणून खपवली. चिक्कीसाठी गूळच घ्या. काकवी पोळीबरोबर, दह्यात, किंवा बेगल (भाजण्याआधी उकळतात तो कड्यासारखा पाव) उकळायच्या पाण्यात एक मोठा चमचा, यासाठी ठेवा.

सरबताचं विचारलं जातं म्हणून: उकळून गार केलेलं बिनहॉपचं वर्ट, तितकंच थंड पाणी, किसलेलं आलं, लिंबू, चिमूट मीठ. त्याच दिवशी संपवायचं. पोर्तो रिको आणि व्हेनेझुएलाकडे ‘माल्टा’ नावाचं न आंबवलेलं माल्टचं फसफसतं पेय मिळतं, त्याचं हे गरीब भावंड. बार्ली आहे, त्यामुळे ग्लुटेन चालत नाही अशा पाहुण्यांना देऊ नका. पावाचं आणि काकवीचंही तेच.

तुरट लागलं तर

म्हणजे मॅशमधलं धान्य धुवून-धुवून शेवटचं पाणी काढलंत. निथळणाऱ्या पाण्याची ग्रॅव्हिटी १.०१०च्या खाली गेली की थांबायचं, पुढे टरफलातलं टॅनिन उतरतं. दुसऱ्यांदा उकळलेल्या चहाच्या चोथ्यासारखी चव येते आणि ती काढता येत नाही. काटकसरीचीही हद्द असते.

मलमलीत जो लगदा राहतो तो

कंपोस्टमध्ये. मोरीत नको, फळमाश्या येतात आणि पाइपात चिकट थर बसतो. घरात कुत्रा असेल तर मात्र फार जपा. हॉप कुत्र्यांना विषारी आहे, अंगाचा ताप भयंकर वाढतो, थोड्याशानेही जीव जाऊ शकतो, आणि माल्टच्या गोड वासाने कुत्रा तो लगदा आवडीने खातो. खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी वाट न पाहता जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायचं. आमच्याकडे कुत्रा नाही, पण शेजारच्यांचा लॅब्राडोर कुंपणाखालून येतो, म्हणून हॉपचा लगदा मी आधी पिशवीत बांधते, कंपोस्टच्या डब्यात अगदी तळाशी पुरते आणि झाकणावर वीट ठेवते.